छिटाला छीट

कुसगावात हौशीरामच्या घरी एक रीत होती. घरातली बाई गर्भार राहिली, की गोठ्यावरच्या ढाबळीतल्या कबुतरांची अंडी तिच्या हवाली करायची. दाणा तिनंच टाकायचा, पाणी तिनंच बदलायचं, अंडं उन्हाला धरून आत जीव धरलाय का तेही तिनंच बघायचं. पिल्लं नीट निघाली तर बाईचं पोट चांगलं. पिल्लं मेली तर बाईच्या पोटात खोट. ही रीत कुणी घातली ते विचारायची सोय नव्हती. बायकांवर घातलेल्या रीतीला बाप नसतो. असला तरी तो नाव सांगत नाही.

मुक्ताला पाचवा लागला तेव्हा सासूनं तिला गोठ्यातली शिडी दाखवली. सासू म्हणजे कस्तुराबाई, मुक्ताची सख्खी आत्या. भावाची पोर तिनंच हट्टानं आपल्या लेकाला, कोंडाजीला, करून घेतली होती. घरातलं घरात राहतं, परक्याची उष्टी खरकटी काढावी लागत नाहीत, असं ती सुदुंबऱ्याला जाऊन भावाला सांगून आली होती.

हौशीरामची भाताची खाचरं ओढ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत होती. गावात त्याच्या पुढं बोलणारा कुणी नव्हता, त्यामुळं त्याला आपण बोलतो ते खरंच असतं असं वाटायला लागलं होतं. त्याला नाद एकच, कबुतरांचा. पुण्याच्या गाडीला नवीनच वीज आली त्या सुमारास लोणावळ्याचा एक साहेब कायमचा विलायतेला गेला. त्याचा खानसामा नूरमहंमद, ज्यानं पुढं बाजारात पाव-बिस्किटांचं दुकान टाकलं, त्यानं साहेबाची कबुतरं हौशीरामला आणून दिली. तसली पाखरं मावळात कुणी पाहिली नव्हती. अंगावर जुन्या पितळेची पिवळी झाक, आणि त्यावर काळे, तांबडे, राखी शिंतोडे, जणू छिटाचं कापडच पाखराला नेसवलंय. म्हणून त्यांचं नावच छीट पडलं.

नूरमहंमदनं देताना एवढं सांगितलं होतं, की साहेब या पाखरांना जोडीला नेहमी दुसऱ्या रंगाचं पाखरू लावायचा. का ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. हौशीराम हसला होता. साहेब लोकांत कुणाचंही कुणाशी चालतं, म्हणाला, आमच्यात चालत नाही.

त्याचा नियम, छिटाला छीट. छिटाच्या मादीला छिटाचाच नर. त्या जोडीतून एखादं साधं, पारव्यासारखं राखाडी पिल्लू निघालं तर ते बाटलेलं, रश्श्यात टाकायचं. चावडीवर बसून तो हे रक्ताचं शास्त्र सांगायचा आणि लोक माना हलवायचे. कारण त्यांनी आपल्या लेकीसुना याच शास्त्रानं आणल्या-दिल्या होत्या.

आणि त्याची पिल्लं मरत होती.

सगळी नव्हे. काही अंडी छान फुटायची. पण काहींत पिल्लू पूर्ण भरून आतल्या आतच मरायचं, चोचीनं टवका पाडायलाही उरायचं नाही. काही बाहेर यायची ती उघडी-नागडी, अंगावर पिवळी लव नाही, आणि डोळ्यांच्या जागी पाण्यानं भरलेले दोन फोड. ती पिल्लं आंधळी असायची. आई चोचीत चोच घालून पोटातला चीक भरवायला यायची आणि तिची चोच कुठून येते तेच त्यांना कळायचं नाही. दोन-चार दिवस माना फिरवायची आणि मरायची. हौशीराम मेलेलं पिल्लू सुरीनं फाडून बघायचा. दर वेळी एकच निघायचं. नर. आंधळी मादी त्याला कधी सापडली नाही.

हे आधीपासून चालू होतं. पण छीट आल्यापासून घरात कुणी गर्भार नव्हतं, म्हणून दोष द्यायलाही कुणी नव्हतं. मुक्ता शिडी चढली आणि दोष द्यायला माणूस मिळालं.

तिच्या हाताखालच्या पहिल्या विणीत एक अंडं मुकं राहिलं. दुसऱ्या विणीत फोडांच्या डोळ्यांचं पिल्लू निघालं. मुक्तानं ते तळहातावर घेतलं. त्यानं मान वर करून चोच उघडली, ती भलत्याच बाजूला. त्याच वेळी तिच्या पोटातलं पहिल्यांदा हललं. तिनं पिल्लू खाली ठेवलं आणि शिडीच्या वरच्या पायरीवर बसून राहिली.

हौशीरामनं पिल्लू फाडलं, नर म्हणाला, आणि डोंगरापलीकडच्या भिमाजी देवरुष्याला बोलावणं धाडलं.

भिमाजीनं तांदूळ टाकले, लिंबू कापलं, मुक्ताकडं न बघता तिच्या पोटाकडं बघितलं. त्याचा निवाडा असा, की बाईच्या पोटात जे आहे ते पाखरांच्या डोळ्यांतला उजेड ओढून घेतंय. जन्माला आलं तर माणसांच्या डोळ्यांतला ओढील. उपाय एक मुळी. ती उगाळून पाजायची, की पोट मोकळं होतं. पण मी पापाला भितो, म्हणाला, म्हणून एक वीण वाट बघू. ढाबळीतल्या थोरल्या छिटाच्या जोडीची पुढची अंडी फुटू देत. पिल्लांनी डोळे उघडले तर काही करायचं नाही. डोळे नसले तर त्याच दिवशी मुळी.

त्या मुळीनं पोट पडतं हे गावाला ठाऊक होतं. पोटाबरोबर बाईही जाते, हेही ठाऊक होतं. आदल्या साली वरच्या आळीतल्या विठाबाईला ती पाजली होती, आणि दोन दिवसांनी विठाबाईला नदीवर न्यायला चौघं लागले. भिमाजीला कुणी काही विचारलं नाही. विठाबाईचंच नशीब म्हणाले.

कोंडाजी घरातच होता. त्यानं हे सगळं ऐकलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. मुक्ता त्याच्यामागं विहिरीपर्यंत गेली. त्यानं तिला सांगितलं, की फुटतील अंडी, तू कशाला वाईट चिंततेस. नवरा म्हणून त्याला एवढंच जमलं.

वीण म्हणजे काय, हे मुक्ताला आता पाठ होतं. थोरली मादी अंडी घालील, दोनच. नर आणि मादी आळीपाळीनं बसतील. आणि मग एक दिवस आत चोच वाजेल, किंवा वाजणार नाही. यात तिच्या हातात काही नव्हतं. हात मात्र तिचाच म्हटला जाणार होता. भाजीला मीठ कमी पडलं तरी सासरा काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. त्या बघण्याला ती जास्त भ्यायची. मरायला निघालेल्या माणसावर कुणी रागवत नाही.

तिला पाखरांचं शास्त्र माहीत नव्हतं. तिला फक्त भीती माहीत होती, आणि भ्यालेलं माणूस जे बारीक बघतं ते शहाण्याला दिसत नाही. तिनं बघितलं होतं, की वळचणीला जे रानटी पारवे राहतात त्यांची पिल्लं कधी आंधळी निघत नाहीत. पारवे दाण्याच्या आशेनं ढाबळीत यायचे, तिच्या पायांत फिरायचे. तिला नूरमहंमदचं बोलणं कोंडाजीकडून कळलं होतं. आणि माहेरी सुदुंबऱ्याला तिचा बाप दर दोन-तीन वर्षांनी जोंधळ्याचं बी गावाबाहेरून आणायचा, आपल्याच वावरातलं पुन्हा पुन्हा पेरलं की कणीस धरत नाही म्हणायचा. तोच बाप लेक देताना मात्र हे विसरला.

भादव्यात हौशीरामला हिवताप आला. अंगावर चार घोंगड्या टाकूनही तो हुडहुडायचा. शिडी चढणं सोडाच, त्याला उंबरा ओलांडता येईना.

मुक्तानं दाण्यावर टिपून एक पारवा पकडला. भक्कम नर होता, पंखावर दोन काळे पट्टे, मानेवर हिरवी-जांभळी चमक. थोरला छिटाचा नर तिनं उचलून ढाबळीशेजारच्या वैरणीच्या माळ्यावर डालग्याखाली झाकला, आत दाणा-पाणी ठेवलं. आणि पारव्याला थोरल्या मादीच्या कप्प्यात कोंडून वर फळी लावली.

हे लिहायला दोन ओळी लागतात. करताना फळी तिच्या हातून तीनदा पडली. त्या घरात परक्या नराला आत घेणं म्हणजे काय, हे तिला चांगलं कळत होतं. पाखराची मान कापली असती ते वेगळं. आपलं काय होईल हा विचार तिनं मध्येच सोडून दिला. मुळी आणि हे, दोन्हीकडं मरणच होतं. इकडं निदान आपल्या हातानं काहीतरी होत होतं.

मादीनं पहिले दिवस पारव्याला टोचून काढलं. मग एका सकाळी फळीमागून घुमण्याचा आवाज आला. मुक्ता फळीला कान लावून उभी राहिली. तिला हसू आलं आणि लगेच घाम फुटला, कारण तो आवाज खालीही जात होता.

दुपारी ती सासऱ्याला पेज द्यायला गेली, तर तो डोळे मिटून ऐकत होता.

"थोरला घुमतोय?"

"व्हय, मामंजी."

"आवाज येगळा वाटतोय."

मुक्ता वाटी धरून उभी. पेजेवर साय धरत होती तिकडं ती बघत राहिली.

"पावसानं घसा बसला आसंल," ती म्हणाली.

हौशीरामला आजारातही हसू फुटलं. कबुतराचा घसा बसला, म्हणाला, आता त्याला सुंठ दे. मग हसू विरलं. त्यानं बायकोला हाक मारली आणि वर जाऊन बघून यायला सांगितलं.

कस्तुराबाई लगेच गेली नाही. तिचे गुडघे शिडीला तयार नव्हते. ती गेली तेव्हा मादीनं अंडी घातली होती, आणि मुक्ता ओढ्यावर धुणं धूत होती. कबुतरांत एक गोष्ट अशी, की दिवसा अंड्यांवर नर बसतो आणि संध्याकाळपासून मादी. कस्तुराबाईनं भर दुपारी फळी काढली आणि तिला थोरल्या मादीच्या अंड्यांवर वळचणीचा पारवा बसलेला दिसला.

मुक्ता धुणं घेऊन आली तर आत्या गोठ्यात शिडीच्या बुडाशी बसलेली. तिनं मुक्ताला जवळ बोलावलं, अगदी हळू. मुक्तानं धुण्याचा पिळा खाली ठेवला नाही. ओलं पाणी तिच्या पोटावरून पायांवर ठिबकत राहिलं.

"वर कोण बसवलायस?" आत्या म्हणाली.

मुक्तानं वर ढाबळीकडं बघितलं.

"मालकाचा नर झाकून वळचणीचा आत घेतलास. आनी आमाला दाखवनार, की बगा, थोरल्याचीच पिल्लं." आत्या तिच्या पोटाकडं बघत होती. "ह्ये तुला सुचलं कसं? ज्या बाईला पाखराचं सुचतं तिला सवताचंबी सुचतं. खरं सांग मुक्ते. तुज्या पोटात कुनाचं हाय?"

मुक्ताला वाटलं होतं, पकडले गेलो की आपण पाया पडू. तिचे गुडघे वाकलेच नाहीत.

"तुमच्या लेकाचंच हाय, आत्या," ती म्हणाली. "म्हनून तर भ्या वाटतंय."

कस्तुराबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती आधी चिडली, मग तिचा हात आपोआप शिडीच्या खांडाकडं गेला. ती, तिचा भाऊ, भावाची लेक, आपला लेक. हे तिनंच जुळवलं होतं. छिटाला छीट. आतापर्यंत खोट मुक्ताच्या हातात होती, ती आता फिरत फिरत आत्याच्या दारात येऊन उभी राहिली. ती उठली, लुगडं झटकलं, घरात गेली आणि नवऱ्याला म्हणाली, थोरलाच घुमतोय, पावसानं घसा बसलाय.

हे तिनं दयेपोटी केलं नाही. तीही भ्याली होती. पण त्या घरात दोन बायका एकाच गोष्टीला भ्यायल्या, हे पहिल्यांदाच घडलं.

ताप उतरल्यावर हौशीराम काठी टेकत गोठ्यात आला. मुक्ता वरच होती. खालून शिडी वाजली, एक पाय, मग दम, मग दुसरा पाय. भर दुपार. अंड्यांवर पारवा. तिनं पारव्याला उचललं, तसंच वैरणीच्या माळ्यावर नेऊन डालग्याखाली सारलं आणि डालग्याखालचा छिटाचा नर आणून कप्प्यात सोडला. तो अंड्यांकडं बघेना. लांब कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. त्याची नव्हतीच ती. मुक्तानं दोन्ही अंडी उचलली आणि पदराखाली पोटाशी धरली. हौशीरामचं डोकं शिडीच्या वर आलं तेव्हा ती उजेडाच्या कवडशात बसली होती.

त्यानं कप्प्यातली अंड्यांची जागा रिकामी बघितली. अंडी कुठं, विचारलं. ती म्हणाली, आत्ताच उन्हाला धरून बघितली, गार व्हायला नकोत म्हणून पोटाशी धरलीत. रीतीत हे बसत होतं. हौशीराम खूश झाला आणि तिथंच घोंगडीवर बसला. बसला तो उठेना. छिटाच्या नराकडं बघत रक्ताचं शास्त्र सांगायला लागला. गर्भारणीच्या उबेनं अंड्याला जोर येतो, म्हणाला. एका अंड्यात चोच वाजायला लागली होती. मुक्ताच्या पोटावर, कातडीला लागून, कुणीतरी बारीक नखानं खाजवावं तसं होत होतं. आत तिचं स्वतःचं पोर लाथ मारत होतं. आणि मधल्या जागेत ती होती, सासऱ्याचं ऐकत, मान हलवत.

तेवढ्यात वैरणीतून पारवा घुमला.

हौशीराम बोलता बोलता थांबला. त्याचा नर तर समोर गप्प उभा होता. त्यानं वैरणीकडं मान वळवली. मुक्ताला वाटलं आता आपल्या हातातून अंडी पडणार. तिनं ती इतकी घट्ट धरली, की फुटायची.

"अवो," खालून कस्तुराबाईचा आवाज आला, "वळचनीचे पारवे ऐकत बसलाय व्हय? भाकरी गार झाली. मग मलाच म्हनाल, कडक लागली."

हौशीराम पुटपुटत उठला. त्याला उतरवताना कस्तुराबाईनं खालून त्याच्या टाचा धरल्या आणि एकदाही वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही अंडी फुटली. पिल्लांच्या अंगावर पिवळी लव होती. मुक्ता दिवसातून किती वेळा शिडी चढली ते तिलाच माहीत नाही. पापण्या मिटलेल्या होत्या, फुगलेल्या नव्हत्या, पण आत काय आहे ते कळत नव्हतं. तिनं पापणीवर बोट ठेवून बघितलं आणि भिऊन काढून घेतलं. मग एका सकाळी मोठ्या पिल्लानं डोळा उघडला. काळा, ओला, मोहरीएवढा. तिनं बोट हलवलं. डोळा बोटामागं गेला. धाकट्यानं दुपारपर्यंत वाट बघायला लावली.

आठवडा-दीड आठवड्यात पिसांचे काटे फुटले. धाकटं साधं, पारव्यासारखं. मोठ्याच्या काट्यांतून पितळी पिवळं आणि त्यावर काळे शिंतोडे. छीट.

यात जादू नव्हती. कबुतरांची निपज मांडून बघणाऱ्या लोकांनी पुढं हे शोधून काढलं, आणि हौशीरामसारख्यांच्या तोंडावर मारावं असं ते सोपं आहे. छिटाचा वारसा मादीला फक्त बापाकडून मिळतो. नराला आईकडूनही मिळतो आणि बापाकडूनही. एकाकडून मिळाला तर पाखरू देखणं होतं. दोन्हीकडून मिळाला तर ते अंड्यात मरतं, नाहीतर आंधळं निघतं. म्हणून मरायचे ते नर. म्हणून मादी कधी आंधळी नाही. म्हणून परक्या बापाचा मुलगा छिटाचाही निघाला आणि डोळसही. त्या पिल्लांना मारत होता तो हौशीरामचा नियम. मुक्ताचा हात नव्हे, पोट नव्हे, कुणाची करणी नव्हे. पण ज्याचा नियम त्याच्याकडंच न्याय. मग निवाडा काय येणार.

भिमाजी आला. ओसरीवर गाव जमलं. हौशीरामनं डोळस छिटाचं पिल्लू हातावर घेऊन सगळ्यांना दाखवलं, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. भिमाजीनं आपल्या तांदळांचा गुण सांगितला, नारळ-कोंबडी घेतली आणि पुढचं बोलला. आता एक वीण झाली, म्हणाला. बाई अजून मोकळी व्हायचीय. खात्री म्हणून याच जोडीची आणखी एक वीण बघू. तोवर मुळी याच घरात राहू दे. त्यानं ती फडक्यातून काढून ओसरीच्या कट्ट्यावर ठेवली.

हौशीराम हो म्हणाला. कोंडाजीसुद्धा हो म्हणाला.

मुक्ता दाराआड होती. तिला एकदम दिसलं, की हे संपायचं नाही. एक वीण, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी शिडी, प्रत्येक वेळी डालगं, एक दिवस कुणीतरी बघणारच. भीतीचाही एक तळ असतो, त्याच्या खाली पाय जात नाही. ती गोठ्यात गेली, पारव्याला घेऊन सरळ ओसरीवर आली, सासऱ्याच्या समोर. डोक्यावरचा पदर पडला होता, तो तिनं घेतला नाही.

"ह्यो बाप हाय त्या पिल्लांचा," ती म्हणाली. "थोरला न्हवं. थोरला वैरनीवर झाकलावता, मी झाकलावता. तुमच्या रक्तानं आंदळी झाली, ह्याच्या रक्तानं डोळं आलं. आता मुळी कुनाला पाजायची त्ये ठरवा."

पारवा तिच्या हातातून सुटला आणि लोकांच्या डोक्यांवरून निघून गेला.

हौशीराम हातातल्या पिल्लाकडं बघत होता. ज्याची त्यानं इतके दिवस वाट बघितली होती ते त्याच्या हातावर बसून त्याच्याकडंच बघत होतं, निरोगी, डोळस, छिटाचा नर. नरच असणार तो, छिटाच्या आईला आणि साध्या बापाला दुसरं छीट होतच नाही. हौशीरामनं त्याची मान पिळली. मग काठी न घेता शिडी चढला आणि धाकट्याची पिळून आला. खाली आल्यावर त्याचा आवाज नेहमीसारखा होता. त्यानं बायकोला सांगितलं, मुळी उगाळ.

कस्तुराबाईनं कट्ट्यावरची मुळी उचलली, आत गेली. मुक्ताला पळता येत नव्हतं, दारात माणसं होती. चुलीवर काहीतरी चरचरलं, कडवट धूर ओसरीवर आला. मग कस्तुराबाई काखेत बोचकं मारून बाहेर आली. हातात सहाण नव्हती.

"मुळी जाळली," ती नवऱ्याला म्हणाली. "पयलं बाळतपन माहेरी आसतं. रीतीचं घर हाय न्हवं आपलं? मी पोचवून येते. माज्याच भावाचं घर हाय."

हौशीराम म्हणाला, गेलीस तर परत येऊ नकोस.

"न्हाई आले, तर भाकरी त्या थोरल्या नराकडनं थापून घ्या."

ओसरीवर कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. त्या हसण्यात वाट झाली. भिमाजीला अंग चोरून बाजूला व्हावं लागलं. कोंडाजीनं बैल जुंपायला हात लावला नाही. दोघी लोणावळ्यापर्यंत चालत गेल्या. सातवा महिना. मुक्ता दर शंभर पावलांना मागं वळून बघत होती. तळेगावपर्यंत आगगाडी, पुढं सुदुंबऱ्याची कुणाचीतरी बैलगाडी. गाडीत आत्यानं तिच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच काढला.

माहेरी कुणी काही बोललं नाही. पण दोघींनाही झोप नव्हती. मुळीची भीती गेली होती, दुसरी गेली नव्हती. नर आंधळे निघतात. घरातलं घरात. मुक्ता देवाला मुलगी मागायची. तिच्या आयुष्यात कुणा बाईला ते मागताना तिनं ऐकलं नव्हतं.

मुलगा झाला.

डोळे मिटलेले, पापण्या सुजलेल्या. सुईण म्हणाली, सगळ्यांच्याच असतात. बाळंतिणीची खोली अंधारी, दाराला गोणपाट, दिवसासुद्धा हाताला हात दिसत नव्हता. पोर पाजताना छाती शोधायचं, मान भलतीकडं फिरवायचं. मुक्ता तोंडात पदर कोंबून रडायची. पाचवी झाली, बारसं टाळलं. कोंडाजी चालत आला आणि बाहेर अंगणात उभा राहिला. मुलगा का मुलगी, हे त्यानं विचारलं नाही. डोळे, एवढंच विचारलं. कस्तुराबाई म्हणाली, अजून ठाऊक नाही, आणि त्याला पाणी दिलं. तो पाणी पिऊन तिथंच बसला.

पोर महिन्याचं होत आलं तेव्हा कस्तुराबाई एका दुपारी पणतीत वात पेटवून आत घेऊन आली. ते दोघींनी इतके दिवस टाळलं होतं. मुक्तानं पोराला मांडीवर उताणं धरलं. त्याचे डोळे उघडे होते, राखाडी, वर आढ्याकडं लागलेले. आत्यानं वात त्याच्या तोंडासमोर आणली. काही नाही. वात डावीकडं नेली. डोळे आढ्याकडंच. आत्याच्या हातातली ज्योत हलली.

मग पोरानं डोळे मिचकावले. हळू, जड काहीतरी ओढावं तसे ते डावीकडं आले आणि ज्योतीवर थांबले. आत्यानं वात उजवीकडं नेली. डोळे उजवीकडं गेले.

कस्तुराबाई मटकन खाली बसली. मुक्ता हलली नाही. तिला ते खरं वाटेना.

"आत्या," ती म्हणाली, "पुन्यांदा फिरवा."